आमगाव ते पवई : प्रश्नाची वाट

गोंदिया सोडून हावड्याच्या दिशेने निघाले की महाराष्ट्र फार उरत नाही. आमगाव, सालेकसा, दरेकसा एवढी स्थानके मागे पडली की छत्तीसगडची हद्द लागते. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग या धानाच्या मुलखातून गेला, तो मुख्यतः छत्तीसगडचे धान्य बाहेर नेण्यासाठी. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, मार्ग ब्रॉडगेज झाला आणि यथावकाश थेट हावड्याला जाऊन मिळाला. रुळांबरोबर तारायंत्राचे खांब आले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, २००० मध्ये, रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशभरच्या लोहमार्गांच्या कडेने ऑप्टिकल फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूंची, केबल टाकण्याच्या कामाने वेग घेतला.

अशाच तंतूंवर भारतातल्या संशोधन संस्थांचे आणि विद्यापीठांचे स्वतंत्र जाळे उभे राहिले. हजार किलोमीटरवरच्या सहकाऱ्याशी समोरासमोर बोलणे हा तिथल्या रोजच्या कामाचा भाग झाला. ही गोष्ट एरवी मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरच्या प्रयोगशाळांच्या बाजूने सांगितली जाते. आमगावच्या बाजूने पाहिले तर तिचा रोख बदलतो. मोठ्या शहरातला चेहरा आणि आवाज तालुक्याच्या गावी केव्हा पोहोचला, हे महत्त्वाचे आहेच. पण तालुक्याच्या गावातला प्रश्न मोठ्या शहरापर्यंत केव्हा पोहोचला? गेल्या पन्नास वर्षांच्या या इतिहासाचे खरे माप मला या दुसऱ्या प्रश्नात दिसते.

आमगावजवळच पदमपूर आहे. आठव्या शतकातला नाटककार भवभूती ज्या पद्मपुराचा, ते हेच गाव, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावचे भवभूती महाविद्यालय त्याचेच नाव सांगते. विदर्भातला हा कवी कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेला. समकालीनांच्या उपेक्षेला उत्तर देताना, आपल्या जातकुळीचा रसिक कुठे ना कुठे, कधी ना कधी जन्माला येईल, असा विश्वास त्याने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत बोलून दाखवला आहे. दूरच्या समानधर्म्याशी बोलता यावे ही ओढ विद्येइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाने या ओढीच्या हाती यंत्र दिले.

आकाशातून उतरलेले चित्र

भारतात दूरच्या शिक्षकाचे चित्र खेड्यात प्रथम उतरले ते आकाशातून. विक्रम साराभाईंनी पाहिलेले हे स्वप्न. ते प्रत्यक्षात आले तेव्हा साराभाई हयात नव्हते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शाळेचे कार्यक्रम दिसू लागले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे तेव्हाचे संचालक प्रा. यश पाल यांनी त्याची धुरा वाहिली. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण मध्य प्रदेश होता, आणि आमगावहून याच रेल्वेने गाठता येणाऱ्या, तेव्हा त्याच राज्यात असलेल्या रायपूर परिसरातल्या खेड्यांत दूरचित्रवाणी संच लागले होते.

त्यानंतर १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बी उपग्रहाच्या आधाराने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर रोजचा कार्यक्रम सुरू केला. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे त्याचे नाव. पुण्याच्या शैक्षणिक माध्यम केंद्रानेही त्यासाठी पुष्कळ फिती तयार केल्या. जिथे प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक मिळणे अवघड, तिथे पेशीविभाजन पडद्यावर हलताना दिसू लागले. हे मोठेच काम होते आणि ज्यांनी ते केले त्यांची निष्ठा वादातीत आहे.

मात्र दोन्ही प्रयोगांत वाट एकेरी होती. कार्यक्रम बघताना शंका आली तर ती विचारायची कुणाला? पडद्यावरच्या शिक्षकाला समोर कोण बसले आहे हे कळत नव्हते. भाषा समजते आहे का, उदाहरण पोहोचते आहे का, हे त्याला चेहऱ्यांवरून वाचता येत नव्हते. साइटच्या अभ्यासकांना याची जाणीव होती. म्हणून तर त्यांनी खेड्यांत माणसे ठेवून गावकऱ्यांच्या प्रतिक्रिया नोंदवून घेतल्या. पण त्या नोंदी अहवालात जात. ज्याला शंका आली त्याला उत्तर तिथल्या तिथे मिळण्याची सोय त्या यंत्रात नव्हती.

जुहू आणि पवई

दुहेरी वाटेची सुरुवात मुंबईत झाली, आणि तीही चित्राविना. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने एर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे हाती घेतले. त्यात आरंभी आठ भागीदार होते : पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. एनसीएसटीचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी या कामाचे एक मुख्य शिल्पकार. जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवर, मोडेमने नंबर फिरवून, ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला जोडणारी कायमची तार मिळाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये डॉ. रमणींचा समावेश झाला, तो याच पायाभरणीसाठी. सामान्य ग्राहकाला विदेश संचार निगमाकडून इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे प्राध्यापकांचे जाळे बाजारातल्या जाळ्याहून जवळपास नऊ वर्षांनी वडील.

या वडीलकीला एक अर्थ आहे. एर्नेटची उभारणी ज्यांनी केली ते स्वतःच त्याचे वापरकर्ते होते. आपल्याला जेवढे वाचायचे आहे तेवढेच लिहायचेही आहे, हे त्यांनी गृहीत धरलेले होते. जाळ्यावरचा प्रत्येक जण बोलणारा आणि ऐकणारा असा दोन्ही होता. पत्रापुरते हे जमले. पण समोरच्याला पाहत बोलायचे तर चित्र पाठवावे लागणार होते, आणि चित्र जड होते.

चित्राचे वजन

किती जड, ते मांडून पाहण्यासारखे आहे. व्हिडिओ परिषदेसाठी पुढे जो प्रमाण आकार ठरला तो ३५२ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच. प्रत्येक ठिपक्याला सरासरी १२ बिट धरले तर एका स्थिर चित्राला सुमारे १२ लाख बिट लागतात. सेकंदाला ९,६०० बिटांच्या तारेवरून असे एकच चित्र जायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. हालचाल डोळ्यांना सलग दिसायची तर सेकंदाला २५ चित्रे हवीत, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ कोटी बिट. त्या काळच्या तारेच्या कुवतीच्या तीन हजार पटींहून जास्त.

वाट दोन बाजूंनी निघाली. एक, तारा रुंद होत गेल्या. दुसरी, गणिताने चित्र हलके केले. बोलणाऱ्या माणसामागची भिंत हलत नाही. मग ती सेकंदाला २५ वेळा कशाला पाठवायची? आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवावे, ओठ किंवा हात सरकला तर तो कुठून कुठे सरकला एवढे सांगावे, आणि डोळ्याला न जाणवणारा बारीक तपशील गाळावा. या तत्त्वांवर १९९० मध्ये एच.२६१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण पक्के झाले. त्यामुळे ६४ हजार बिटांच्या पटीत मिळणाऱ्या टेलिफोन वाहिन्यांवरही माणसाचा हलता चेहरा बसू लागला. आज मोबाईलवर दिसणाऱ्या प्रत्येक व्हिडिओ कॉलमागे याच कल्पनांची पुढची पिढी आहे.

पण दोघांचे बोलणे वेगळे आणि सभा वेगळी. सभेत दोनशे ठिकाणे असतील तर एका वक्त्याने तेच चित्र दोनशे वेळा पाठवायचे का? यावर संगणकतज्ज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांच्या मल्टिकास्टच्या कल्पनेने तोड काढली. चित्र एकदाच निघावे आणि वाट जिथे फुटते तिथल्या यंत्राने त्याच्या प्रती काढाव्यात. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो इथे इंटरनेट अभियंत्यांची बैठक भरली, तेव्हा तिथला आवाज अशा पद्धतीने तीन खंडांतल्या वीस ठिकाणी पोहोचला, आणि दूरच्या श्रोत्यांना उलट बोलताही आले. संशोधन जाळ्यांवर उभी राहिलेली ही रचना ‘एम-बोन’ म्हणून ओळखली गेली.

या साधनांची सर्वांत मोठी निकड होती कणभौतिकीच्या संशोधकांना. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतले एकेक उपकरण डझनावारी देशांतली माणसे मिळून बांधतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेने १९९७ मध्ये ‘व्हीआरव्हीएस’ ही आभासी सभागृहांची व्यवस्था सुरू केली. मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्नच्या ‘सीएमएस’ प्रयोगात सहभागी आहे. जिनिव्हातल्या दुपारच्या बैठका कुलाब्यात संध्याकाळी, प्रसंगी रात्री येतात. त्या बैठकांत बसण्यासाठी प्रत्येक वेळी विमानाने जाणे कुठल्याच संस्थेला परवडणारे नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला तर नाहीच. जाळ्यामुळे तो बैठकीत बसतो, आपला आलेख पडद्यावर लावतो आणि त्यावरच्या आक्षेपांना तिथल्या तिथे उत्तर देतो. विज्ञान केंद्रापासून दूर राहून करता येते, हे या पिढीने दाखवून दिले.

भंडाऱ्याचे उपग्रह केंद्र

आमगावच्या दिशेने दुहेरी जाळे आले ते प्रशासनाच्या मार्गाने. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ उभारले. जिल्ह्याच्या मुख्यालयी छोटी उपग्रह अँटेना आणि संगणक, अशी त्याची घडण होती. तेव्हा आमगाव भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि जिल्हाधिकारी कार्यालय आमगावच्या जवळ, एका छोट्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर आले. निकनेटवर पुढे व्हिडिओ परिषदेची सोय झाली, आणि ‘आज व्हीसी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या बोलीत रुजले.

या सोयीने मुंबई-गोंदिया हा रात्रभराचा प्रवास वाचला, फायली लवकर हलल्या. तरी प्रशासनातल्या व्हीसीची रीत ठरलेली राहिली : विचारणा मंत्रालयातून, उत्तर जिल्ह्यातून. वाट दुहेरी झाली, प्रश्नाची दिशा मात्र वरून खालीच राहिली.

न्यायालयाने याच सुमारास एक पाऊल पुढे टाकले. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात साक्षीदार अमेरिकेत होता आणि भारतात यायला तयार नव्हता. त्याची साक्ष व्हिडिओ परिषदेने घेता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये दिला. आरोपीला साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, वकिलाला उलटतपासणी करता येते. तेव्हा ही हजेरी कायद्याच्या दृष्टीने हजेरीच, असे न्यायालयाने मानले. हा निकाल संशोधन जाळ्यांविषयी नव्हता, तरी त्याने त्यांच्या कामाचे मर्म नेमके पकडले. उलट प्रश्न विचारता येतो म्हणूनच दूरचा माणूस हजर ठरतो.

एजुसॅट आणि नाशिक

शिक्षणाच्या क्षेत्रात दुहेरी वाटेचा पहिला मोठा प्रयत्न पुन्हा आकाशातूनच झाला. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एजुसॅट हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सुटला. त्याच्या पूर्वतयारीच्या टप्प्यासाठी तीन विद्यापीठे निवडली होती. त्यांतले एक नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विद्यार्थी शेतात, कारखान्यात, घरात काम करता करता शिकणारे. राज्यभर पसरलेल्या अभ्यासकेंद्रांना जोडणाऱ्या वर्गाची खरी गरज त्यांनाच होती.

एजुसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे असत. काही केंद्रांत फक्त पाहण्या-ऐकण्याचा संच, काहींत उलट बोलण्याचाही. दुसरा संच महाग, म्हणून त्यांची संख्या कमी. शिवाय उपग्रहाला अंतराची मर्यादा होती. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद लागतो. एवढ्या अर्ध्या सेकंदाने दोघे एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात, मग दोघेही थांबतात. हेच बोलणे काचतंतूतून गेले तर? प्रकाश काचेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते आमगाव हे लोहमार्गाचे साधारण हजार किलोमीटरचे अंतर त्याला पाच मिलिसेकंदांचे. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला तरी माणसाच्या कानाला ते जाणवणार नाही. संवादाला जमिनीवरची तार लागणार हे स्पष्ट होते. २०१० मध्ये एजुसॅट सेवेतून निवृत्त झाला, तोवर ती तार आकार घेऊ लागली होती.

ज्ञानजाळे

सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय ज्ञान आयोगाने देशातल्या सर्व विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्याची शिफारस केली. त्या वेळचे सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार डॉ. आर. चिदंबरम यांनी ती धरून ठेवली. पूर्वानुभव हाताशी होता : एर्नेटचा, आणि पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या ‘गरुड’ या संगणकजाळ्याचाही. सी-डॅक ज्यांनी घडवले ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. विदर्भातल्या खेड्याचे हे देणे इथे आवर्जून नोंदवायला हवे.

९ एप्रिल २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते राष्ट्रीय ज्ञानजाळ्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १,५०० संस्था जोडायच्या होत्या. उभारणी एनआयसीकडे आली आणि तंतू बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड यांचे वापरायचे ठरले. कण्याचा वेग सेकंदाला १० अब्ज बिटांच्या पटीत. १९८९ च्या त्या तारेच्या दहा लाख पटींहून अधिक. जे चित्र पोहोचायला तेव्हा दोन मिनिटे लागली असती, ते आता निमिषात जाऊ शकत होते. मुंबईमार्गे हे जाळे आशिया आणि युरोपातल्या संशोधन जाळ्यांशीही जोडले गेले. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी याच जाळ्यावरून देशभरच्या उच्चशिक्षण संस्थांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांशी संवाद साधला.

याच्या जोडीने २००९ मध्येच तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे माहिती-तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. विद्यापीठाला सेकंदाला १ अब्ज बिटांची जोडणी आणि महाविद्यालयांना बीएसएनएलमार्फत त्याहून बरीच बारीक वाट, अशी त्याची आखणी होती. खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्राचा, २५ टक्के संस्थेचा. आमगावची महाविद्यालये ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला संलग्न आहेत, ते १९२३ चे. मोठ्या वाटेचा मान अशा विद्यापीठांचा. विद्यापीठापासून तालुक्यापर्यंत येता येता वाट अरुंद होणार, हे आराखड्यातच लिहिलेले होते.

पवईचा वर्ग

या अरुंद वाटेवरही काय करता येते, ते पवईने दाखवले. आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक १९७१ पासून तिथे शिकवत होते. देशात अभियांत्रिकी महाविद्यालये शेकड्यांनी वाढली, पण शिकवणारे तयार करायला कुणाजवळ वेळ नव्हता, ही त्यांची चिंता. एकेका शिक्षकाला पवईला बोलावून हे होणार नव्हते. २००९ पासून त्यांनी एकाच वेळी हजार हजार शिक्षकांच्या कार्यशाळा सुरू केल्या. पुढे प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्यासारखे सहकारी आणि आयआयटी खरगपूर यांच्या साथीने हे काम ‘दहा हजार शिक्षकांचे प्रशिक्षण’ या नावाने वाढले. संगणक प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, थर्मोडायनॅमिक्स असे विषय त्यात होते.

पद्धत विचारपूर्वक बांधलेली होती. देशभरच्या महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे निवडली. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी स्वतः पवईला येऊन शिकून जाई. मग मुख्य कार्यशाळेत शिक्षक आपापल्या जवळच्या केंद्रात जमत. व्याख्यान पवईहून थेट चाले, आणि सराव केंद्रातल्याच प्रयोगशाळेत, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली. म्हणजे केंद्रातला माणूस हा पडदा लावणारा तंत्रज्ञ नव्हता, तोही शिक्षक होता.

जोडणीसाठी वापरलेली ‘ए-व्ह्यू’ ही प्रणाली अमृता विश्व विद्यापीठम्‌ने याच अभियानातून विकसित केली होती. तिच्यात हात वर करण्याचे बटण होते. केंद्राने ते दाबले की पवईच्या पडद्यावर त्याचे नाव रांगेत दिसे. पाळी आली की त्या केंद्राचे चित्र मोठे होई आणि तिथला शिक्षक साऱ्या देशासमोर आपली शंका मांडी. शेकडो केंद्रे असताना प्रत्येकाला बोलायची संधी मिळणे शक्य नव्हते. म्हणून लेखी प्रश्नही घेतले जात. खरा त्रास आवाजाचा. एखाद्या केंद्राचा माइक चालू राहिला की पवईचाच आवाज फिरून परत येई आणि सगळा वर्ग थांबे. माइक केव्हा उघडायचा, केव्हा मिटायचा, ध्वनिवर्धक कुठे ठेवायचा, याची शिस्त केंद्राकेंद्रांतल्या माणसांनी अंगी बाणवली. इतिहासात त्यांची नावे लागणार नाहीत. पण जाळे चालले ते त्यांच्यामुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश टॅबलेटच्या शैक्षणिक वापराची कार्यशाळा झाली, तेव्हा सुमारे दहा हजार शिक्षक एकाच वर्गात बसले होते. २०१३ मध्ये प्रा. फाटक यांना पद्मश्री मिळाली. कार्यशाळांचे साहित्य त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले, हे मला त्या सन्मानाइतकेच मोलाचे वाटते.

इथे प्रथमच प्रश्नाची दिशा खऱ्या अर्थाने उलटली. लहान गावातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याने विचारलेली शंका एकाच वेळी शेकडो केंद्रांनी ऐकली, आणि तशीच शंका मनात असलेल्या कितीतरी जणांचा संकोच गेला.

शेवटचे अंतर

मग आमगावचे काय? मुंबई-हावडा मार्गावरून कित्येक वेगवान गाड्या आमगावला न थांबता निघून जातात. महाजालाचे मोठे प्रवाहही बराच काळ तसेच गेले. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडायची योजना मंजूर केली. तीच आजची भारतनेट. ग्रामपंचायतीला सेकंदाला १०० मेगाबिट मिळावेत हे तिचे उद्दिष्ट. दिशा योग्य होती, पण उभारणी रखडत राहिली.

घराघरांत पोहोचली ती दुसरीच वाट. बीएसएनएलने २००५ पासून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. या तंत्रात येणारी बाजू रुंद आणि जाणारी बाजू त्याहून कितीतरी अरुंद असते. बाजारासाठी ते सोयीचेच, कारण ग्राहक सिनेमा बघणार, गाणी ऐकणार, पाने उघडणार, हे धरून चाललेले. संशोधन जाळ्यांची जोडणी दोन्ही बाजूंनी सारखी असते. तिथे प्रत्येक संस्था घेणारी तितकीच देणारी, हे गृहीत आहे. कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे तारेच्या रचनेत असे आधीच ठरून जाते. गावाकडे येणाऱ्या वाटेवर घेण्याची सोय भरपूर ठेवायची आणि देण्याची जेमतेम, हा माझ्या मते या काळातला सर्वांत मोठा अन्याय, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि जे संशोधकांचे साधन होते ते एका रात्रीत सर्वांचे झाले. शाळेपासून विद्यापीठापर्यंत वर्ग झूम आणि गूगल मीटवर भरले. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोबाईलची रेंज शोधत मुले उंचवट्यावर जाऊन बसली. पडदे उघडले, पण बहुतेक विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद राहिले, कारण चित्र वर पाठवायला डेटा पुरत नव्हता. शिक्षक काळ्या चौकोनांना शिकवत राहिले. १९८४ चा एकेरी वर्ग नव्या यंत्रात परत आला. दहा वर्षे आधी उभे राहिलेले ज्ञानजाळे तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत सारख्या रुंदीने आले असते, तर ते दिवस वेगळे गेले असते.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी महाविद्यालयात, दोन्ही दिशांना सारखी रुंद अशी ज्ञानजाळ्याची जोडणी हवी. चांगला आवाज टिपणारी खोली हवी. ती चालवणारा, पवईच्या समन्वयकांसारखा शिकवणारा माणूस हवा आणि त्याला त्याचा पगार हवा. यंत्रे कालांतराने बदलतील. पवईच्या अनुभवातून एवढे कळते की माणूस तयार केला की यंत्र बदलणे अवघड राहत नाही.

आणि जोडणी झाल्यावर आमगावने केवळ ऐकायला बसू नये. जगाला सांगावे असे इथे खूप आहे. पदमपूरच्या परिसरातल्या पुराव्यांवर चर्चा करायची तर नागपूर-पुण्याच्या अभ्यासकांनी इथल्या माणसांचे ऐकावे. शेजारच्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे; माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतले गोंड समाजबांधव तिथे जमतात, आणि गोंडी भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठी पाठशाळा नाही. झाडीबोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जे आयुष्यभराचे काम उभे केले, त्या बोलीवरचा वर्ग या मुलखातूनच भरायला हवा आणि मुंबईच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिकडे हात वर करायला हवा. धानाच्या देशी वाणांबद्दल इथल्या शेतकऱ्याला जे ठाऊक आहे ते कृषी विद्यापीठाच्या पडद्यावर त्याच्याच तोंडून यायला हवे.

साइटच्या वर्षी रायपूरच्या खेड्यात पडद्यासमोर बसलेल्या माणसाचे पडदा काही ऐकत नव्हता. १९८६ मध्ये आठ संस्थांना परस्परांशी बोलता आले, २००९ नंतर पवईच्या वर्गात शेकडो केंद्रांना विचारता आले. या क्रमाची पुढची पायरी म्हणजे तालुक्याच्या गावाने शिकवणे. तंत्राने तिची तयारी केव्हाच केली आहे; निर्णय शासनाने, विद्यापीठांनी आणि आपण घ्यायचा आहे. संशोधन जाळ्याचे यश यापुढे किती संस्था जोडल्या यावर मोजू नये. आमगावसारख्या किती गावांतून वर्ग निघाले आणि त्यांना किती ठिकाणांहून प्रश्न आले, यावर ते मोजावे.